आधी बोर्ड, मग आकृती

वायरवाल्या वहिनींचा नवरा निघाला ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे-आकृत्या काढणारा, तिथंच सगळी गंमत झाली. भिंतीत खिळा ठोकायचा तरी हा गृहस्थ आधी भिंतीचं चित्र काढणार. तोवर वहिनींनी खिळा ठोकून त्यावर त्याचाच शर्ट टांगलेला असायचा.

वहिनी घरी बसून बिघडलेली खेळणी, घंटा, दिवे दुरुस्त करत आणि नवंही काहीबाही जुळवत. असं जुळवून बघायला बाजारात भोकाभोकांचे बोर्ड मिळतात, पण त्यातलं एक भोक दुसऱ्याला ओळखत नाही; वायरी लावून ओळख करून द्यावी लागते. वहिनींच्या बोर्डाची खालची बाजू म्हणजे न विंचरलेलं डोकं. शेवटी वैतागून त्यांनी स्वतःचाच बोर्ड आखायला घेतला. मधोमध चिप, तिच्या प्रत्येक पायाशेजारी जोडलेली भोकं आणि कडेनं प्लस-मायनसच्या तांब्याच्या वाटा. कंप्युटरवर थेट बोर्डच मांडायचा आणि छापायला कारखान्यात धाडायचा, असा बेत.

"सर्किटची आकृती कुठाय?" नवऱ्यानं विचारलं.

"माझ्या डोक्यात."

"मग कारखान्यात डोकं पाठवणार आहेस का?"

आकृती दिली असती तर कंप्युटरनं तिच्याशी बोर्ड ताडून पाहिला असता. ती नसली की कोणाला कोणापासून लांब ठेवायचं हे त्या बापड्याला कळत नाही, असं नवऱ्याचं म्हणणं. वहिनी कसल्या ऐकतात! पैज लागली. बोर्ड फसला तर वहिनींनी यापुढे प्रत्येक कामाआधी आकृती काढायची. चालला तर नवऱ्यानं तो शब्द पुन्हा उच्चारायचा नाही. साक्षीला नणंदबाई. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली साक्षीदार झाली.

बोर्ड आले. देखणे होते. कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकाला वळसा घालून वहिनींनी प्लसची वाट छान वळवली होती. वीज जोडण्याआधी त्यांनी मीटरच्या एका वायरीचं टोक प्लसला लावलं, दुसरीचं मायनसला, आणि मीटर शिट्टी वाजवायला लागला. म्हणजे दोघं कुठंतरी भेटले होते.

शिट्टी ऐकून नवरा आला. वहिनींना वाटलं, आता टोमणे. पण तो भिंग घेऊन बोर्डवरून आकृती काढायला बसला आणि जेवायच्या वेळी गंभीरपणे म्हणाला, "यात काही चूक नाही. मीटर बिघडला असेल."

वहिनींनी गप्प राहायचं की हो? पैज आयती खिशात पडत होती. पण आकृती बघून त्यांना हसू आवरेना.

"अहो, हे बघून काढलंत, की असायला हवं म्हणून?"

"प्लस आणि मायनस कुणी एकत्र जोडतं का?"

"मी जोडलेत. स्क्रूपाशी त्या वळणावर बघा, प्लस मायनसला टेकलंय."

नवऱ्यानं पुन्हा भिंग लावलं आणि कान लाल करून घेतले. वहिनींनी ब्लेडनं तेवढं तांबं खरवडलं, मीटर गप्प झाला. मग बोर्डवर नणंदबाईंच्या कुंडीसाठी माती सुकली की लागणारा दिवा जुळवला. दिवा तत्काळ लागला. नणंदबाईंकडची माती कायमच सुकलेली.

नणंदबाईंनी निकाल दिला की दोघंही हरलात. तेव्हापासून वहिनी आधी बोर्ड मांडतात आणि कारखान्यात जाण्याआधी नवरा त्यावरून आकृती काढतो, दिसतं तेच. परवाचा पूर्ण रविवार मान मोडून आकृती काढली, तर एकही चूक सापडेना. बिचारा रात्री जेवला नाही नीट.

आता वहिनी म्हणे एखादी वाट मुद्दामच चुकीची ठेवतात.