शेंदराआधीचं हाड

निजामाच्या राज्यात, येरमाळ्याजवळ आमच्या गावच्या आप्पांनी शेतात विहीर खणायला काढली होती. काळा पाषाण फोडल्यावर खाली हिरवट मातीचा थर लागला आणि त्यातून माणसाच्या उंचीचं, दगड झालेलं हाड निघालं. मोटेच्या नाड्यानं, बैल लावून ते वर ओढलं. म्हसोबा आपण होऊन वर आला, असं गावानं मानलं. रविवारी त्याला शेंदूर लागणार होता.

माझा थोरला भाऊ उर्दू शाळेत मास्तर होता. क्षयानं अंथरुणाला खिळलेला. बातमी ऐकून उठून बसला. हैदराबादला शिकताना त्यानं एका पुस्तकात देवळाएवढ्या सरड्यांची चित्रं पाहिली होती.

"एकदा शेंदूर चढला की ते कुणाला दिसायचं नाही," तो म्हणाला. "मला त्याआधी ने."

रविवारी सकाळी मी त्याला बैलगाडीतून घेऊन गेले. आप्पा तेलात शेंदूर कालवत होते.

"या मास्तर! म्हसोबाला उर्दू शिकवायला आलाव व्हय?"

"थोडं थांबा, आप्पा. बघू द्या."

दादा गुडघे टेकून बसला. बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग वाकून त्यानं मोडक्या टोकाला जीभ लावली. बायकांनी तोंडावर पदर घेतले.

"देवाला चाटता, मास्तर?"

"जीभ चिकटली, आप्पा. साधा दगड असता तर चिकटली नसती. हाडच आहे." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "हा काळा पाषाण एके काळी आगीचा रस होता. तो वाहत आला त्याच्याही आधी हा इथं चालत होता. बालाघाटाचे डोंगरसुद्धा याच्यानंतरचे."

पायाखालची जमीन कालचीच वाटू लागली.

"मंग ह्यो म्हसोबा न्हाय म्हंता?" आप्पांनी विचारलं.

"ते मला ठाऊक नाही. पण मी गुडघे टेकलेच की."

आप्पा हसले. त्यांनी सगळ्या हाडाला शेंदूर लावला, मोडकं टोक तेवढं सोडलं. "एवढं मास्तरचं."

त्याच वर्षीच्या थंडीत दादा गेला.

आता शेंदराचे थर एवढे चढलेत की हाडाचा आकारही कळत नाही. मोडकं टोक मात्र कोरडं आहे. आप्पांच्या सुनांचा हात तिथं आपोआप थांबतो. काल तिथं कुणी नव्हतं. मी वाकले.

जीभ चिकटली. लवकर सुटेना.