मंडईतली शेवंता

भूत, आत्मा वगैरे मी आजही मानत नाही. शाळेत सायन्स शिकवते, त्यामुळे हे लिहितानाही जरा अवघडल्यासारखंच होतंय...

कोल्हापुरात आमच्या घराजवळ जुनी मंडई होती. संस्थानच्या काळातली, काळ्या दगडाची, वर मंगलोरी कौलं. कोडोली-वडगावकडचं माळवं, म्हणजे भाजीपाला, तिथं उतरायचा. माझ्या सासूबाई — आम्ही त्यांना आत्ती म्हणतो — जन्मभर तिथल्या ओट्यावर पालेभाजी विकत बसल्या. पुढं मंडई बंद पडली. आत्तींना लकवा झाला आणि त्यांची वाचा गेली.

गेल्या उन्हाळ्यात मंडई पाडणार असं कळलं. म्हटलं, आत्तींना एकदा दाखवून आणू. दुपारी रिक्षानं गेलो. वॉचमन रफीकभाईंनी गेट उघडलं. आत कुणीच नव्हतं. फुटक्या कौलांतून उन्हाचे कवडसे पडलेले, त्यात धूळ हळूहळू तरंगत होती. आत्तींना मी त्यांच्या ओट्यावर बसवलं.

थोड्या वेळानं त्या शेजारच्या रिकाम्या ओट्याकडं वळल्या. आणि चक्क बोलल्या —

"पाणी मार की गं शेवंता... मेथीनं मान टाकलीया."

माझ्या अंगावर काटा आला. किती महिन्यांनी तो आवाज ऐकत होते! त्या मधेच थांबायच्या, ऐकायच्या, खुदकन हसायच्या. मला दुसरं कुणी ऐकू येत नव्हतं. पण वास आला... ओल्या मेथीचा, कोथिंबिरीचा. शेजारच्या ओट्यावरच्या धुळीत पाण्याचे थेंब पडलेले. मी बोट लावलं. गार पाणी.

रफीकभाईंनी वर बघितलं. कोरडं ऊन. हळूच म्हणाले, "म्याडम, हितला नळ कवाच तोडलाय."

तेवढ्यात आत्तींनी माझा हात धरला आणि शेजारच्या ओट्याकडं बघत म्हणाल्या,

"सून न्हवं गं... लेक हाय माझी."

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या मला असं कधी म्हणाल्या नव्हत्या. मला रडू आवरेना.

घरी ह्यांना विचारलं, शेवंता कोण? म्हणाले, "आईच्या शेजारी बसायची. मी कॉलेजात असतानाच गेली ती."

त्यानंतर आत्ती एक शब्द बोललेल्या नाहीत. मंडईही पाडली. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या जागी कधीकधी क्षणभर वाचा फुटते. असेल. पाण्याचं मात्र मी त्यांना विचारलंच नाही. खरं सांगू? उत्तर मिळेल अशी भीती वाटली.