किसनकाकांचा गमछा आणि खाली उघडणारं दार

किसनकाकांचे दोन्ही हात शेवटपर्यंत शाबूत होते.
त्यात माझं श्रेय काहीच नाही.

काका आज सकाळी गेले. छत्रीबागच्या घरी, चहा झाल्यावर, पेपर वाचता वाचता.

मी पोचलो तेव्हा सगळे त्यांचा चेहरा बघत होते.
मी हात बघितले. आधी उजवा.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पप्पांना पण नाही. आज लिहून टाकतो, नाहीतर परत कुठेतरी निघून जाईन आणि राहूनच जाईल.

काका कपड्याच्या मिलमध्ये लूमवर होते. मिल बंद पडली. मग काही वर्षं हे कर, ते कर, आणि शेवटी एका रबर फॅक्टरीत मिक्सिंगला लागले. मी कॉलेज अर्धवट सोडून घरी पडलो होतो, तर मलाही तिथेच चिकटवलं.

तिथे आधी जुनी मशीन होती. रबर, काळी पावडर, तेल, सगळं तिच्या पोटात मळायचं. झालं की अख्खं भांडंच पुढे झुकायचं, परात तिरकी करून कणीक काढतात ना, तसं. समोर उभं राहा, सगळं दिसतं.

मग बाहेरच्या कंपन्यांच्या ऑर्डरी आल्या आणि मालकानं नवी मशीन आणली. दोन मजली! वरून माल टाकायचा, आणि मळून झाला की तळाचं दार खाली उघडायचं.
धप्प.
गरमागरम काळा गोळा, धूर सोडत, थेट खालच्या रोलरवर.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शिट्टी मारली होती. काका हसले नाहीत.
"वरच्याला खालचं दिसत नाही रे यात," एवढंच म्हणाले.

कारण त्या दाराच्या कडेला माल चिकटून राहायचा. तो काढल्याशिवाय दार नीट बसत नाही, आणि पुढचा माल गळायला लागतो. म्हणून खालून कोणीतरी लोखंडी खुरपणी घेऊन, कोपरापर्यंत हात आत घालून, ते खरवडायचं.
आणि दार बंद करायचा लिव्हर? वर.
लॉक होतं. पण ते लावा, काढा, यात टाइम जातो म्हणून कोणी लावू द्यायचं नाही.

म्हणून काकांनी मिलमधली आपली रीत आणली. तिथे कोणी लूमच्या आत दुरुस्तीला शिरला की आपला गमछा हँडलला अडकवायचा. ज्याचा गमछा, तोच काढणार. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

इथेही तसंच. लिव्हरवर लाल चौकड्यांचा गमछा म्हणजे किसन खाली आहे. शिवाय हात घालायच्या आधी खालून आवाज द्यायचे, "गमछा आहे का रे?"
वरून उत्तर आलं तरच हात आत.

नाशिककडून आलेले इंजिनिअर पाटीलसाहेब आधी हसायचे. "काका, हे काय, बसमध्ये सीट धरल्यासारखं?"
काका म्हणायचे, "साहेब, सीट गेली तर उभं राहता येतं."
मग साहेब पण पाळायला लागले.

त्या दिवशी दुपारी वर मी होतो. एप्रिल. डोळ्यात घाम आणि काळी पावडर, काही दिसेना. समोर गमछा लटकलेला.
घेतला. तोंड पुसलं. गळ्यात टाकला.

बस, एवढंच केलं मी.

खालून आवाज आला, "गमछा आहे का रे?"
"आहे काका, आहे!"
बघितलंच नाही. सवयीनं बोललो.

आणि तेवढ्यात खिडकीतून एक ट्रक दिसला, वर जुने लूम रचलेले, भंगारात चाललेले. कुठल्या मिलचे कोण जाणे. काकांना सांगायला पाहिजे, असं म्हणत मी खिडकीपाशी गेलो.

पाटीलसाहेब वर आले. लिव्हर मोकळा होता. त्यांनी ओढला.

दार बंद होताना सूं असा आवाज येतो. तो ऐकला आणि माझा हात गळ्याकडे गेला.

खालून खाडकन आवाज. मग काहीच नाही.

साहेब पांढरे पडले. "गमछा नव्हता! तुमचाच नियम ना, गमछा नसला की खाली कोणी नाही?"
खाली वाकून बघायची हिंमत नव्हती.

मग जिन्यावर पावलं. हळू. मी कठड्याकडे बघत राहिलो, कठडा कोणत्या हातानं धरतात ते.
दोन्ही हात होते.

खुरपणी अडकून वाकली होती. काकांच्या कपाळावर घाम आला, पुसायला खांद्यावर गमछा नव्हता, म्हणून त्यांनी बाहीनं पुसायला उजवा हात बाहेर काढला होता. तेवढ्यात दार आलं.

त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाले, "पडला असेल हवेनं. उद्यापासून गाठ मारीन."

माझ्या गळ्यातून गमछा काढला, लिव्हरला गाठ मारली, आणि दुसरी खुरपणी घेऊन खाली गेले.
खालून आवाज आला, "गमछा आहे का रे?"
उत्तर मी नाही, साहेबांनी दिलं.

आठवड्यात मी नोकरी सोडली. सुरत, मग भोपाळ, मग आणखी कुठे कुठे. घरी आलो की काका रात्री सराफा बाजारात खायला न्यायचे, तळलेल्या कंदाचे गरम गराडू खाऊ घालायचे. मी त्यांचा गराडू टोचायची काडी धरलेला हात बघत बसायचो. ते म्हणायचे, "खा ना भिया, थंड होतंय."
तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मला वाटायचं, विसरले.

आज सगळं आटोपल्यावर काकूंनी कपाटातून तो गमछा काढला. विटलाय पार. म्हणाल्या, "हा तुला द्यायला सांगून ठेवलं होतं. म्हणायचे, त्याला घाम फार येतो."

घेतला. गळ्यात नाही घातला.

खोलीच्या दाराच्या कडीला अडकवलाय. गाठ मारून.

आहे काका, आहे. या वेळी बघून सांगतोय.

जय भीम, किसनकाका.