मचव्याला मारलेली टिचकी

ये गो, अशी जवळ बस. आणि आजा पाण्याला भ्यायचा म्हणून हसतेस ते आधी बंद कर. उद्या तू मुंबईला जाशील, म्हणून आजच सांगते.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी तुझा आजा छाती खराब करून गिरणीतून तुडीलला परत आला. आल्या आल्या त्यानं काय बघितलं, तर खाडीच्या चिखलात तीन पावसाळे बसून राहिलेला शिडाचा जुना मचवा. का, तर आईसाठी. माझी सासू एसटीत बसली की उलट्या करायची. मार्चात सगळी वस्ती चवदार तळ्यावर जायची, ती दारात बसून राहायची. लहानपणी बापाच्या खांद्यावरून गेली होती, तेवढंच. "मरायच्या आधी एकदा त्या पायऱ्यांवर बसव रे," एवढंच मागायची. आणि तळ्याच्या गावापर्यंत खाडीनं जाता यायचं.

घ्यायच्या आधी नाते गावातनं सुतार आणला. त्यानं मचव्यात पाणी भरून ठेवलं आणि बाहेर पाझरलं तिथं कोळशानं खुणा केल्या. "फटी हायत, भरून काढू. बाकी लाकूड झकास."

मी भाकरी घेऊन गेले होते. पाणी काढल्यावर, मडकं घेताना मारतो तशी टिचकी मी फळ्यांना मारत गेले. सगळ्या खणखणीत वाजल्या, बुडाची एक बद्द वाजली.

"ही आतून पोकळ वाटते," मी म्हटलं.

"वहिनी, मडकं नाय हे, सागवान हाय! डाळ शिजवताय काय ह्याच्यात?"

सगळे हसले. आजाही हसला. गिरणी सुटल्यापासून पहिल्यांदा, आणि खोकला न येता. मी भाकरी वाढायला घेतली.

दोन महिने काम चाललं. आजा तेलात भिजवलेला कापूस फटींत ठासायचा, मी जुनं शीड शिवायची. सासूला दिसत नसे, तरी सुई ओवायला मागायची. शेवटी बुडाला माशाचं तेल लावायला मी बसले, तर त्या फळीत माझं नख रुतलं. मी इकडंतिकडं बघितलं आणि तेलाचा दुसरा हात मारला.

मार्चातल्या त्या दिवशी भरतीबरोबर निघालो. सात माणसं, मधोमध सासू, नवं पांढरं लुगडं नेसून. निम्म्या वाटेत पायाखाली पाणी आलं. तीच फळी. आजानं मचवा कसाबसा काठाच्या चिखलात घातला. कोणी बुडलं नाय. कंबरभर चिखलातून त्यानं आईला पाठुंगळी घेतलं. लुगडं मळू नये म्हणून ती पदर वर धरून होती.

"पोचलो काय रे?" तिनं विचारलं.

तो चिखल तुडवत राहिला.

त्याच पावसाळ्यात ती गेली. मचवा तिथंच कुजला. त्यानंतर आजा कधी काठावर फिरकला नाय. "माझ्या हातानं भरलेली फट सुटली," हेच धरून बसला तो, मरेपर्यंत. फट नव्हती गो ती. मला ठाऊक होतं. त्याच्या शेजारी इतकी वर्षं जेवले, निजले, पण एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाय.

आता तुला सांगितलं. तो भित्रा नव्हता, हे तुझ्या बापालाही सांग.

आणि मार्चात ये. एसटीनं जाऊ तळ्यावर, एकटीला पायरी चढवत नाय आता. उशीर करू नको, लवकर ये.