तुरीच्या पेंढीवरचं इंग्रजी

आमच्या तांड्यावरची मिनाबाई राठोड सेनगावात पोरींना इंग्रजी शिकवते. माझी दिपा तिच्याच क्लासात. मराठीत आपण सगळ्याला मारलंच म्हणतो. इंग्रजीत तसं चालत न्हाई, हे मिनाबाई तुरीच्या पेंढीवर दाखवते. काठीचा एकच फटका घातला तर 'हिट'. दाणे झडेस्तोवर बडवत राहिलं तर 'बीट'. 'हिट' काल, आज, कधीही हिटच राहतं. मार खाऊन झाल्यावर 'बीट'चं मात्र 'बीटन' होतं. अन् दोन्हीपुढं मार खाणाऱ्याचं नाव लागतंच.

त्या दिवशी पोरी काठ्या घेऊन पेंढीभोवती बसल्या होत्या. मी दिपाला न्यायला दारात उभी. तेवढ्यात मिनाबाईचा नवरा रणजीत पिऊन आला. त्यानं तिच्या झिंज्या धरल्या आणि तोंड भिंतीवर आपटलं. ओठ फाटला, फळ्यावर रक्त उडालं. हे नवं नव्हतं. दरवेळी तांड्याच्या बैठकीत नायक म्हणायचा, "एखादी चापट बसली असंल, त्यात काय."

पोरी उठल्या. तुरीवर पडते तशी काठी रणजीतच्या पाठीवर, गुडघ्यांवर, हातांवर पडत राहिली. तो मातीत तोंड खुपसून रडला, तरी थांबली न्हाई. मीही थांबवली न्हाई.

दुसऱ्या दिवशी रणजीतला खाटेवर घालून बैठकीत आणलं. नायकानं पोरींवर डोळे वटारले. "काहून मारलं?"

पोरींच्या आधी मीच उठले.

"एखादी चापट बसली असंल, बापू. त्यात काय."