गफूरचाचांचा चरखा

आषाढातल्या एका सकाळी मी, माझी सायकल आणि माझे पोट अशी तिघांची वरात बालाघाटातल्या ईट गावाहून डोंगराकडे निघाली. जुन्या पाणचक्क्या आणि पवनचक्क्या पाहत दोन दिवस हिंडायचे, हा बेत मी साताऱ्यातल्या मित्रांना इतका रंगवून सांगितला होता की आता न जाण्याची सोयच उरली नव्हती.

पहिला मुक्काम ओढ्यावर. एक बाई भल्या मोठ्या गोल दगडावर चादर आपटत होत्या.

"मावशी, इथं पाण्यावर चालणारी जुनी चक्की होती म्हणे?"

"व्हय की. तिच्यावरच तर आपटायले."

"जरा सरकता का? फोटो काढतो."

"दळण तरी आणायचं हुतं येताना!" म्हणाल्या आणि हसत सरकल्या. दगडाला मधोमध भोक होते, त्यात साबणाचा फेस साचला होता. पाणचक्कीचे एवढेच उरलेले.

पुढे चढ लागला. माथ्यावर नव्या पवनचक्क्यांची पांढरी रांग उभी. भेटेल त्याला मी विचारत होतो, "पवनचक्की कुठं आहे?" आणि भेटेल तो माझ्या डोळ्यांकडे संशयाने पाहून वर बोट दाखवत होता. शेवटी एका पानटपरीवाल्याने उलगडा केला. "जुनी व्हय? मग चरखा म्हणा की! गफूरचाचाचा चरखा. लिंबाच्या मळ्यात जावा."

मळ्यातल्या विहिरीवर तो उभा होता. लोखंडी मनोऱ्यावर गंजलेल्या पात्यांचे चक्र, मागे माशासारखी शेपटी. ती साखळीने ओढून खाली खिळ्याला अडकवलेली. गफूरचाचा सत्तरी ओलांडलेले, हाडकुळे, बोटे ग्रीसने काळी. त्यांनी मला न विचारताच खिचडी-खट्टा (मसूर घातलेली खिचडी आणि चिंच-तिळाचे आंबट सार) वाढला.

"चरखा बांधून का ठेवलाय?" मी विचारले.

"पंपाचं चामड्याचं वायसर वाळून गेलतं. नवं चामडं तेलात घातलंय. उद्या सकाळी बसवतो, मग सोडतो." मग आवाज उतरला. "उद्या जुम्मा. पोराला जबान दिलीय. उद्या पाणी काढून दाखवलं तर चरखा ऱ्हातो. न्हाय तर भंगारवाल्याचा टेम्पो येणार."

"काढणार का पाणी?"

"वडलांनी उभा केलेला हाय. काढंल!"

दुपार कलली. चाचा असरच्या नमाजाला निघाले. जाताना म्हणाले, "बसा निवांत. फक्त साखळीला हात लावू नका. कोरडा फिरला की खलास."

आता मी कसा माणूस आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. बांधलेल्या पवनचक्कीचा फोटो घेऊन साताऱ्याला जायचे, म्हणजे कुलूप लावलेल्या थिएटरचा फोटो घेऊन नाटक पाहिल्याचे सांगायचे. दोनच फेरे फिरू द्यावे आणि पुन्हा बांधावे, असे ठरवून मी सलाम ठोकल्याच्या थाटात साखळी काढली.

शेपटी वळली. चक्र करकरले, मग फिरू लागले. अहाहा! मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तिसऱ्या फेऱ्याला विहिरीत खाड्कन आवाज झाला. पंपाचा दांडा वाकला, तुटला. वरचे चक्र हिसका बसून कलले आणि तीन पाती निखळून पाण्यात गेली. साखळी माझ्या हातात होती.

चाचा परतले. त्यांनी वर पाहिले, मग विहिरीत, मग माझ्या हाताकडे. माझ्या हातातून साखळी घेतली आणि स्वतःच्या हाताला गुंडाळली.

तेवढ्यात त्यांचा मुलगा सलीम मोटारसायकलवरून आला. खाली उतरायच्या आधीच ओरडला, "अब्बा! ये क्या हुआ? हात कायकू लगाये?"

खरे सांगायला मी तोंड उघडले होते.

"मैच छोड्या," चाचा म्हणाले (मीच सोडला). "जल्दी हो गई मेरेकू."

त्यांच्या दखनीतला तो 'च' आपल्या मराठीतलाच. एकदा लावला की दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही.

"बुढ्ढे हो गये तुम," सलीम म्हणाला. "कल बुलातूं टेम्पो." मग माझ्याकडे वळून मराठीत, "पाव्हणं, तुमी तरी अडवायचं न्हाय का?"

मी मान खाली घातली. तासन् तास मैफली गाजवणारा मी, तीन शब्द बोललो नाही. निरोप घेताना चाचांनी पिशवीत लिंबे भरून दिली. "घाटात आस्ते जावा," एवढेच म्हणाले. उतार होता, तरी मी सायकल हातात धरून चालत उतरलो.

घरी आल्यावर ही गोष्ट मी खूप ठिकाणी सांगितली. बालाघाटचा वारा कसा उठला, चक्र कसे कोसळले, हातवारे करून सांगितली. दाद मिळाली. सलीमला पत्र लिहायला मात्र तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

त्या दुपारी वारा जेमतेम होता. चरखा मीच सोडला.