ज्योत बसेना

माझा जुना दोस्त म्हादू गेल्याचा निरोप मला पिरंगुटच्या बाजारात मिळाला. हातातली मेथीची जुडी तशीच ठेवून निघालो... तिसरीपर्यंतच शिकलोय मी, पण म्हादूबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार नाही. त्या रात्रीचं सगळं मी डोळ्यांनी बघितलंय.

साठ सालाच्या आसपास आमच्या मुळशीकडच्या गावात वीज नव्हती. जत्रेला, लग्नाला म्हादूच्या कार्बाइडच्या बत्त्या जायच्या. डब्यात खडे, वरून थेंबथेंब पाणी. खडा भिजला की लसणासारखा वास सुटायचा आणि बारीक तोंडातून येणाऱ्या गॅसला काडी लावली की पांढरीशुभ्र ज्योत. धंद्याच्या ऐन भरात त्याची बायको हौसा तापाने गेली. मागे दीड वर्षाची शेवंता. आमच्यात माणूस गेलं त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात आणि सकाळी पिठात कसली पावलं उमटली त्यावरून गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते बघतात. दिवा मात्र विझू द्यायचा नाही. त्या संध्याकाळी घाटाकडून असा वारा सुटला की तेलाचा दिवा सारखा जाऊ लागला. बायका कुजबुजायला लागल्या. म्हादू चिडून उठला, बत्ती आणून पिठाजवळ ठेवली. "आता विझव म्हणावं वाऱ्याला!" म्हणाला आणि पाणी सोडलं, ते जास्तच.

ज्योत फुरफुरली आणि तोंडापासून सुटली... पण विझली नाही. बोटभर वर, हवेत उभी राहिली. खाली बत्तीचं तोंड, वर ज्योत, मधे काहीच नाही. त्या मोकळ्या जागेतून मला पलीकडची भिंत दिसत होती. तेवढ्यात शेवंता दुडूदुडू पुढे आली, ज्योतीकडे दोन्ही हात करून म्हणाली, "आये..."

म्हादूच्या सासूने पोर झडप घालून उचललं. "ज्योत न्हवं, हौसा बसंना बघा! पोरीत जीव अडकलाय तिचा. हिला मी माझ्या गावाला, चांद्याला न्हेते. हितं ऱ्हायली तर घिऊन जाईल ती."

"मामी, ग्यासचा जोर झालाय. जोर लई झाला की ज्योत तोंड सोडती."

"मग पाणी बंद कर की!"

"केलंय. भिजल्याला खडा लगीच आयकतोय व्हय?"

"खडा आयकंना का बायकू आयकंना?"

मीही म्हणालो, "म्हादू, देऊन टाक पोर." तसं बोललो आणि आज विचाराल तरी तेच बोलेन. म्हादूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीतला लांब खिळा उपसला आणि त्याचं टोक त्या मोकळ्या जागेत आडवं धरलं. ज्योत सळसळत खाली आली आणि खिळ्यावर बसली. "वाहत्या ग्यासात तिला उभं ऱ्हायला आडोसा लागतो," तो म्हणाला. "खिळ्यामागं ग्यास घुटमळतो, तितं ती धरती." खिळा लाल झाला, त्याची बोटं भाजली, पण खड्याचा जोर ओसरेपर्यंत त्याने हात काढला नाही. मग म्हणाला, "मामी, पोर खाली ठेवा." म्हातारीने ठेवली. शेवंता बापाकडेच वाढली.

सकाळी पिठात एकही पाऊल नव्हतं. आणि इतक्या वाऱ्यात पिठाचा कण हलला नव्हता... म्हादू शेवटपर्यंत म्हणायचा, ग्यास होता. मी म्हणायचो, असंल, पण पोरगी कुणाला हाक मारत होती? त्यावर तो तंबाखू मळत बसायचा.

तेरावा उरकल्यावर परवा त्याच्या घरी गेलो. शेवंता आता स्वतः आजी झाली आहे. चहाला शेगडी पेटवताना म्हणाली, "काका, ग्यासची ज्योत फुरफुरून वर उचलली, तर आबा मला बटन कमी करू द्यायचं न्हाईत. थांब म्हणायचं. मंग वाकून तिच्याशी बोलायचं."

"काय बोलायचा?"

तिने बटणावरचा हात काढून घेतला.

"'हाय गं... पोर हितंच हाय.'"